ट्रंकेतलं कार्ड

(कोल्हापुरात दसरा चौकातल्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय, आणि पावसापाण्याचं इथवर आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

संयोजकांनी मला विषय दिलाय तो असा : नागरिकानं राष्ट्रीय ओळखपत्र सतत जवळ बाळगावं, अशी सक्ती असावी का? पस्तीस वर्षं मी इथल्या न्यायालयात वकिली करतोय, त्यातली बहुतेक फौजदारी बाजूची. त्यामुळं हा प्रश्न माझ्यासमोर येतो तो कुणाच्या तरी तोंडवळ्यासकट येतो. अशाच एका माणसापासून सुरुवात करतो.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. रात्री साडेदहाला फोन आला. रंकाळ्यावर फुगे विकणाऱ्या एका पोराला चौकीत बसवून ठेवलंय म्हणून. पोरगा एकोणीस वर्षांचा, शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या वस्तीवरचा, फासेपारधी समाजाचा. शेवटच्या एसटीसाठी उभा होता. गस्तीवरच्या हवालदारानं विचारलं, कुठला, काय करतोस, कार्ड दाखव. कार्ड जवळ नव्हतं. झालं, चल चौकीत.

मी पोचलो तेव्हा तो भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. शेजारी बाक रिकामा होता, पण त्यावर बसावं हे त्याला सुचलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. फुगे फुगवायचा निळा पंप त्यानं मांडीवर घट्ट धरलेला. मी विचारलं, "कार्ड काढलं न्हाईस व्हय रं अजून?" तर म्हणाला, "हाय की सायेब. ट्रंकेत हाय. म्हापुरात एकदा गेलंय, दुसरं काढाया लई हेलपाटं झालं. म्हणून आय भायेर काढूच देत न्हाय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी कुठवर चढलं ते तुम्हाला मी सांगायला नको. छावणीतल्या शाळेत वर्गातल्या बाकांवर, खिडकीच्या गजांवर, दोरीवर लोकांनी कागद वाळत घातले होते. सातबारा, रेशनकार्ड, दहावीचं मार्कलिस्ट, लग्नपत्रिका, आधार. शाई उतरलेली, फोटो विरघळलेले. ज्यांचं घरच गेलं त्यांना वाळत घालायलाही काही उरलं नव्हतं. त्या बाईनं महिनोन्महिने हेलपाटे घालून पोराचं कार्ड पुन्हा मिळवलं आणि मग कुणीही शहाणी आई करेल तेच केलं : ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, साड्यांच्या घडीखाली ठेवून कुलूप लावलं. कार्ड इतकं मोलाचं वाटलं म्हणून ते पोराच्या खिशात नव्हतं, आणि खिशात नव्हतं म्हणून पोरगा चौकीत होता.

तो हवालदार माणूस म्हणून वाईट नव्हता. त्यानं मला खुर्ची दिली, चहा विचारला. म्हणाला, "वकीलसाहेब, कार्ड असतं तर दोन मिनिटांत सोडला असता की." त्याला हे अगदी मनापासून वाटत होतं. आज इथं बसलेल्यांपैकीही पुष्कळांना तेच वाटत असणार. कार्ड दाखवायला काय जातं? ज्याच्या मनात पाप नाही त्यानं भ्यायचं कशाला? मी हा प्रश्न हसण्यावारी नेणार नाही. प्रामाणिक माणसं तो विचारतात, तेव्हा त्याचं नीट उत्तर दिलं पाहिजे.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच जणांची समजूत अशी झालीय की ओळखपत्र जवळ ठेवणं आजही सक्तीचं आहे. तसं नाही. रस्त्यानं चालणाऱ्या भारतीय नागरिकानं अमुक एक कार्ड जवळ बाळगलंच पाहिजे, असा कोणताही कायदा आज देशात नाही. गाडी चालवत असाल तर परवाना दाखवावा लागतो, तोही आता मोबाईलमधल्या डिजिलॉकरमध्ये चालतो. अदखलपात्र गुन्हा पोलिसांसमोर केलात आणि नाव-पत्ता सांगायला नकार दिलात, तर नाव-पत्ता कळेपर्यंत अटक होऊ शकते; पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३९. पण तिथंही नाव आणि पत्ता सांगायचा आहे, कार्ड दाखवायचं नाही. २०१६ च्या आधार कायद्यात कार्ड खिशात ठेवा असं कुठंही म्हटलेलं नाही. उलट त्याच कायद्याचं कलम ९ सांगतं की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे.

मग राष्ट्रीय ओळखपत्र हा शब्द आला कुठून? कारगिल युद्धानंतर मंत्रिगटानं शिफारस केली, आणि नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीनं कलम १४ अ आलं. केंद्र सरकार प्रत्येक नागरिकाची सक्तीनं नोंदणी करू शकेल आणि त्याला राष्ट्रीय ओळखपत्र देऊ शकेल, असं ते कलम आहे. काही निवडक भागांत प्रायोगिक कार्डंही वाटली गेली. देशभर ती कार्डं आली नाहीत, पण कलम पुस्तकात आहे. त्यामुळं आजची चर्चा हवेतली नाही.

आता माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते तपासून बघता येईल. ओळखपत्र प्रत्येकाला मिळालं पाहिजे, फुकट मिळालं पाहिजे, हरवलं तर हेलपाट्यांशिवाय पुन्हा मिळालं पाहिजे. ते देणं ही सरकारची जबाबदारी आहे. पण ते सतत अंगावर बाळगायची आणि कुणी हटकलं की काढून दाखवायची सक्ती मला मान्य नाही. रेशन घेताना, पेन्शन घेताना, मत देताना मी सरकारकडे जातो आणि म्हणतो, हा मी, माझा हक्क द्या. तिथं कार्ड माझ्या कामाला येतं. रस्त्यात मला थांबवून कार्ड मागतात तेव्हा मी सरकारकडे गेलेलो नसतो. तिथं मला कुठं जायला परवानगी आहे का, हे बघितलं जात असतं.

हे आपल्या मातीला नवीन नाही. याला आपल्याकडं जुना शब्द आहे, हजेरी.

इथल्या तरुणांना हजेरी म्हणजे शाळेतली वाटेल. तुमच्या पणजोबांच्या काळातली हजेरी वेगळी. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींतल्या माणसांनी गावच्या पाटलापुढं, चावडीवर जाऊन रोज हजर असल्याचं दाखवायचं. कुठं दिवसा, कुठं रात्रीसुद्धा. परगावी लग्नाला, मयताला जायचं तर दाखला घ्यायचा. कुठल्या माणसानं चोरी केली का, हा प्रश्नच नाही. तो कोणत्या पोटी जन्मला एवढंच पुरे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या नव्या कायद्यानं तो देशाच्या इतर इलाख्यांतही लागू करता येऊ लागला. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायला परवाना, सगळं त्यात होतं.

विचार करा, त्या हजेरीचं समर्थन काय असेल? अगदी तेच. ज्यानं काही केलं नाही त्याला भ्यायचं काय कारण? दोन मिनिटांचं तर काम आहे. चावडीवर यायचं, तोंड दाखवायचं आणि जायचं. पण ती दोन मिनिटं रोजची होती. त्या दोन मिनिटांसाठी माणूस परगावची मजुरी घेऊ शकत नव्हता. बायको बाळंत होत असली तरी चावडी आधी. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गाव रोज बघायचं की हा हजेरीला उभा आहे. गावाच्या मनात त्या माणसाबद्दल जे बसलं, ते कायदा गेल्यावरही गेलं नाही.

ही हजेरी आपल्या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी बंद केली. १९१८ साली. आपण आत्ता ज्या चौकात बसलोय, त्याच्या आजूबाजूला महाराजांनी जातीजातींच्या पोरांसाठी उभी केलेली वसतिगृहं आहेत. येताना तुम्ही त्यांच्यावरूनच आला असाल. महाराजांचं आरक्षण, शिक्षण, वसतिगृहं यांच्याबद्दल आपण दर जूनमध्ये भरभरून बोलतो. हजेरी बंद केल्याचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीत उरकतो. मला ती गोष्ट फार मोठी वाटते, कारण त्यात महाराजांनी एक पैसा वाटला नाही, एक इमारत बांधली नाही. फक्त एवढं केलं की रोज संध्याकाळी एका माणसाला आपण चोर नाही हे सिद्ध करायला लावणं थांबवलं. फासेपारध्यांना तर त्यांनी सोनतळीच्या छावणीत जागा दिली आणि पहाऱ्यावर नेमलं. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा अशी सगळ्यांची समजूत, त्यांनाच पहारेकरी केलं. त्या फासेपारध्यांच्या वंशातला पोरगा शंभर वर्षांनी याच कोल्हापुरात पंप मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसलेला होता. ही मला सोसवत नाही अशी गोष्ट आहे, आणि मी ती तुमच्यापासून लपवत नाही.

दुसरा माणूस ज्यानं हे फार खोलवर ओळखलं, तो म्हणजे बॅरिस्टर मोहनदास गांधी. महात्मा व्हायच्या आधीचा. १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल सरकारनं वटहुकूम काढला : आठ वर्षांवरच्या प्रत्येक हिंदी माणसानं नोंदणी करायची, बोटांचे ठसे द्यायचे, दाखला जवळ ठेवायचा आणि पोलीस मागेल तेव्हा दाखवायचा. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा झाली आणि हा कायदा मानायचा नाही अशी शपथ घेतली गेली. सत्याग्रहाचा जन्म तिथला. म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या लढ्याचं जे हत्यार, ते ओळखपत्राच्या भांडणात घडलं.

पण त्यापुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि आजच्या विषयाला तीच जास्त लागू आहे. १९०८ च्या जानेवारीत गांधींनी ट्रान्सवाल सरकारातल्या जनरल स्मट्सबरोबर तडजोड केली. आम्ही आपखुशीनं नोंदणी करतो, तुम्ही कायदा मागे घ्या. ती तडजोड कितीतरी लोकांना पटली नाही. आपखुशीची नोंदणी करायला निघालेल्या गांधींना मीर आलम नावाच्या पठाणानं रस्त्यात बेदम मारलं. तरीही गांधींनी अंथरुणात पडल्या पडल्या आपली नोंदणी केली. मग कायदा मागे घेतला गेला नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ ला हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत दोन हजारांहून जास्त दाखले रॉकेल ओतून जाळले. बघा, तोच माणूस, तेच ठसे, तोच कागद. आपखुशीनं द्यायचा म्हटल्यावर मार खाऊनही दिला. सक्ती उठत नाही म्हटल्यावर जाळला. गांधींचं भांडण कागदाशी नव्हतं. कागद न दाखवणारा माणूस गुन्हेगार ठरतो, या नात्याशी होतं.

इंग्लंडचं उदाहरण मी लवकर सांगतो. १९३९ मध्ये महायुद्धासाठी तिथं ओळखपत्रं आली. रेशन, सैन्यभरती, सुरक्षितता ही कारणं. १९४५ ला युद्ध संपलं, कार्डं चालूच. ७ डिसेंबर १९५० ला लंडनच्या फिंचली भागात मोटार चालवत चाललेल्या क्लॅरन्स विलकॉक नावाच्या माणसाला पोलिसानं थांबवलं आणि कार्ड मागितलं. त्यानं दिलं नाही. खटला हरला, वरच्या कोर्टातही हरला, पण त्याला कसलीही शिक्षा झाली नाही. सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी पोलिसांनाच सुनावलं : जो कायदा एका कारणासाठी केला तो भलत्याच कामाला वापरलात, तर कायदा पाळणारी माणसं कायदा मोडणारी होतील. १९५२ च्या फेब्रुवारीत तिथली कार्डं रद्द झाली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडं गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. ३१ ऑगस्ट १९५२. म्हणून तो विमुक्त दिन.

आता दुसरी बाजू. बेल्जियममध्ये पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाला कार्ड जवळ ठेवावं लागतं आणि तिथली माणसं काही गुलाम नाहीत. जर्मनीत सोळा वर्षांवरच्या नागरिकाकडं ओळखपत्र असायलाच हवं, पण बाहेर पडताना ते बरोबर घेतलं पाहिजे असं नाही. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. फरक एवढाच, की तिथं जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नोंद नगरपालिकेत असते आणि कार्ड मिळवायला कुणाला कामाचे दिवस बुडवावे लागत नाहीत. सक्ती करायचा विचार करण्याआधी त्यांनी देण्याचं काम पुरं केलंय. आपण देण्याच्या कामात अजून अर्ध्या वाटेवर आहोत.

आणि सुरक्षिततेचं म्हणाल, तर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत उतरलेल्या अतिरेक्यांजवळ ओळखपत्रं होती. बनावट, भारतीय नावांची, कॉलेजची. कार्ड दाखव म्हटलं असतं तर त्यांनी दाखवलं असतं. कसाबला जिवंत धरलं ते सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी. आपल्या शेजारच्या साताऱ्यातल्या केडंबे गावचा माणूस. हातात लाठी, छातीवर गोळ्या घेत बंदुकीची नळी धरून ठेवली. सुरक्षितता अशा माणसांच्या जिवावर आणि चोख तपासावर उभी असते. ज्याला घात करायचाय तो कार्ड पहिलं करून घेतो. कार्ड घरी विसरतो तो फुगेवाला.

एक गोष्ट तर आपल्या महाराष्ट्रातच बोलली पाहिजे. आपल्याकडं कार्डावर जात लिहिलेली नसते, पण आडनाव असतं. आणि आडनाव वाचल्यावर गाव, जात, धर्म सगळं ओळखायची आपल्याला सवय आहे. हे खोटं आहे असं इथं कुणी म्हणेल का? रवांडामध्ये बेल्जियन राजवटीनं १९३० च्या दशकात कार्डांवर हुतू की तुत्सी ते छापलं. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावर नाकी लावून तीच कार्डं तपासली गेली आणि लाखो माणसं मारली गेली. आपल्याकडं तसं होईल असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की अनोळखी हातात रोज आपलं आडनाव द्यावं लागणं हे पाटील-कुलकर्ण्यांना जितकं सोपं वाटतं, तितकं प्रत्येकाला वाटत नाही. पस्तीस वर्षांत मला रस्त्यात एकदाही कुणी कार्ड विचारलेलं नाही. पांढरा शर्ट, काळा कोट, हातात फाइल. माझं ओळखपत्र माझ्या अंगावर दिसतंच. सक्ती सगळ्यांवर लागू होईल, पण विचारलं जाईल ते ठरावीक लोकांनाच. बांधकामावरच्या बिहारी पोराला, ऊसतोडीच्या टोळीला, डोंबाऱ्याला, टोपीवाल्याला. २०२५ साली महाराष्ट्रातून उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडं ढकलले गेले, आणि ते भारतीय आहेत हे कळल्यावर त्यांना परत आणावं लागलं.

आता मी तुम्हाला रेशन दुकानात नेतो. करवीर तालुक्यातल्या एका गावातलं दुकान. एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, माझ्या आईच्या ओळखीच्या. जन्मभर उसाची भांगलण, हंगामात गुऱ्हाळावर काम. दुकानदारानं मशीन पुढं केलं, आजींनी अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, नाही. पदरानं अंगठा पुसला, पुन्हा ठेवला. नाही. दुकानदार म्हणाला, "आजी, जरा दाबून." तर्जनी ठेवली, मधलं बोट ठेवलं. मागची रांग चुळबुळायला लागली. कुणीतरी तेलाचं बोट लावायला सांगितलं. आजींनी हात उलटा करून बघितला. तळवा उसाच्या पात्यानं चिरून चिरून, पाकानं भाजून, राखेनं भांडी घासून इतका गुळगुळीत झालेला की त्यावर रेघच नव्हती. त्या आजी मला म्हणाल्या, "बाळा, मी तीच हाय न्हवं?"

मित्रहो, फाउंड्रीत मोल्डिंग करणाऱ्याचे हात, हुपरीत चांदीला पॉलिश करणाऱ्याचे हात, चपलेचं कातडं कमावणाऱ्याचे हात आठवा. कोल्हापूर ज्या हातांवर उभं आहे, नेमक्या त्याच हातांचे ठसे झिजलेत. बोट उमटलं नाही म्हणून कुणाचं धान्य नाकारू नये, असे आदेश केंद्र सरकारनं २०१७ मध्येच काढलेत. डोळ्यांची बुबुळं, मोबाईलवरचा ओटीपी, असे मार्ग आहेत. पण आजींचा मोबाईल नातवाकडं, नातू पुण्याला. त्या दिवशी आजी रिकामी पिशवी घेऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मी आदेशाची प्रत घेऊन गेलो तेव्हा धान्य मिळालं. प्रत्येक आजीबरोबर वकील कसा जाणार?

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. ज्याच्याकडं कुठलाच कागद नाही त्याला निदान एक ओळख मिळावी, हा त्यामागचा विचार होता आणि तो चांगला होता. मी त्याचं स्वागत केलं होतं, आजही करतो. पण आपखुशीचं म्हणून आलेलं कार्ड हळूहळू शाळेत, बँकेत, सिमकार्डाला, सगळीकडं मागू लागले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१८ च्या निकालानं आधार टिकलं, पण बँक खात्याला आणि सिमकार्डाला त्याची सक्ती गेली. सरकारी लाभांना आणि पॅनला राहिली. एकट्या म्हाताऱ्या माणसानं एवढं करून दाखवलं. आता तर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या दारात आलंय. दाद मागायला मुंबईची गाडी धरायची गरज उरली नाही, हे लक्षात ठेवा.

आता जरा हात वर करा. तुमच्यापैकी किती जणांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे? (सभागृहात बरेच हात वर झाले.) बघा. माझीही १ जूनच. आई म्हणते मी श्रावणात, सोमवारी झालो. शाळेत घालताना वडिलांना तारीख सांगता येईना, गुरुजींनी १ जून लावली आणि पोराला पहिलीत बसवलं. गुरुजींनी माझं भलंच केलं. पण उद्या त्या तारखेवरून कुणी मला विचारलं की तू कोण, तर माझा सगळा पुरावा म्हणजे त्या गुरुजींच्या मनातला विचार आहे. तुमच्या बायकांचं तर विचारूच नका. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारावर सासरचं, मतदारयादीत तिसरंच, आणि सुशीलातली शी कुठं ऱ्हस्व कुठं दीर्घ. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिक नोंदवहीची अंतिम यादी लागली. तीन कोटी तीस लाख अर्जदारांपैकी एकोणीस लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली. त्यांत अशा स्पेलिंगच्या, माहेर-सासरच्या घोटाळ्यातल्या बायका होत्या. आणि आपल्या विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांना गावानं तीन रात्रींवर टिकू दिलं नाही, त्यांनी गावात राहिल्याचा कागद आणायचा.

म्हणून मी म्हणतो, क्रम बदला. आधी जन्माची नोंद, मग दाखला, मग कार्ड, आणि यातलं प्रत्येक काम करायला सरकारनं वस्तीवर यायचं. हरवलेलं कार्ड ही तक्रार समजू नका, ती एक नेहमीची गोष्ट समजा; महापूर दर दोन-चार वर्षांनी येणाऱ्या जिल्ह्यात तर नक्कीच. बोट उमटलं नाही तर धान्य आधी द्या, चौकशी मागून करा. आणि रस्त्यावर संशय असेल तर पोलिसांनी नाव-पत्ता विचारावा, खातरजमा करावी, त्याचं कारण लिहून ठेवावं. कार्ड नाही हे एकटं कारण कुणालाही चौकीत नेण्याएवढं मोठं धरू नये. कायद्यात हे आजही असंच आहे. आपण ते आचरणात आणलं तरी माझं अर्धं भाषण संपलं.

त्या पोराचं पुढं काय झालं, ते समोरच्या ताई मघापासून खुणेनं विचारतायत. रात्री एक वाजता त्याला सोडलं. गुन्हा नव्हताच, नोंदही नव्हती. एसटी गेली होती, तो माझ्या घरी झोपला. सकाळी चहा घेताना म्हणाला, त्याच्या धाकट्या भावंडांचे जन्मदाखलेच नाहीत, त्यांना शाळेत आधार मागतात आणि आधारला जन्मदाखला मागतात. जन्म होऊन वर्ष उलटलं की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, प्रतिज्ञापत्र लागतं, त्याला ते कोण लिहून देणार?

येत्या शनिवारी आम्ही तिघे वकील त्या वस्तीवर जातोय. प्रतिज्ञापत्रं तिथंच लिहायची, अर्ज तिथंच भरायचे, सोमवारी दाखल करायचे. फोटो काढणारा एक जण बरोबर आहे. कमी आहेत ती लिहायला बसणारी माणसं. अक्षर सुवाच्य हवं, आणि म्हातारी माणसं वर्ष सांगताना दुष्काळ, पूर, जत्रा असं काहीतरी सांगतात, ते धीरानं ऐकून घ्यायची तयारी हवी. सकाळी सात वाजता इथूनच, या चौकातून निघू. ज्यांना यायचंय त्यांनी जाताना दाराजवळच्या वहीत नाव लिहा.